पलीकडे पडलेलं फूल

"मग एकटं राहायला मला कुणी शिकवलं, अण्णा?"

अण्णा जाळीला पडलेलं भोक दोऱ्यानं शिवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"मी फूल मारायला शिकवलं," ते म्हणाले.

"तेच ते."

"तेच?"

"हो. तेच."

अण्णांनी दोरा दातानं तोडला. गाठ ओढून बघितली. मग सुई सदऱ्याच्या खिशाला टोचून ठेवली.

ज्याला आपण शटल म्हणतो त्याला अण्णा फूल म्हणत. त्यांच्या पिढीतले सगळेच म्हणत. त्यांचं पूर्ण नाव नेमगोंडा मगदूम. जयसिंगपुरात एका शाळेत त्यांनी जन्मभर पी.टी. शिकवली आणि शाळा सुटल्यावर गावातल्या पोरांना बॅडमिंटन. तंबाखूची एक रिकामी वखार त्यांनी शेठजींच्या हातापाया पडून मिळवली होती. छप्पर उंच, खिडक्या लहान, आत वारा नाही. फुलाला एवढंच लागतं. भिंतींना तंबाखूचा वास अजून होता. नवीन आलेलं पोर आठवडाभर शिंकायचं, मग त्याला वास येईनासा व्हायचा. वखारीच्या मागे एक खोली होती. अण्णा तिथे राहत.

परीक्षांचे दिवस होते. पोरं नव्हती. वखारीत दोघंच होती.

दुसरी त्रिशला चौगुले. हे नाव ज्यांना आठवतं त्यांना लगेच आठवतं. ज्यांना आठवत नाही त्यांना सांगत बसण्यात अर्थ नाही, ते खेळाचं पान वाचतच नाहीत. आठ वर्षं ती या वखारीत शिकली, मग हैदराबादला गेली, मग तिनं जग पाहिलं. म्हणजे जगातले विमानतळ, हॉटेलांच्या खोल्या आणि कोर्टं पाहिली. भारताचा शर्ट घालून ती एकेरी खेळत राहिली. मोठमोठ्या बायकांना तिनं हरवलं. मग गुडघा गेला आणि ती थांबली. सत्कार झाले, शाली मिळाल्या. त्याला चार वर्षं होऊन गेली. आता ती पुण्यात एका ऐसपैस फ्लॅटमध्ये राहत होती. आई होती तोवर घरात आवाज होता. गेल्या वर्षी आईही गेली.

एवढंच दुःख. सांगायला गेलं तर दोन वाक्यांत संपतं, आणि भोगायला गेलं तर रविवारची एक दुपार संपत नाही.

"गाडीत बॅगा दिसल्या," अण्णा म्हणाले.

"राहायला आले."

"कुठं?"

"इथंच. तुमच्या खोलीशेजारी ती कोठी आहे ना, ती साफ करून घेईन. पोरांना शिकवीन. नाहीतर नुसता झाडू मारीन. मला इथं राहू द्या, अण्णा."

"कशाला?"

"इथं मी एकटी नव्हते."

"होतीस."

...

त्रिशलाला असं उत्तर अपेक्षित नव्हतं. जिनं भल्याभल्यांची सर्व्हिस वाचली, तिला या म्हाताऱ्याचं एक वाक्य कधी वाचता आलं नाही.

"पुण्यात कुणीच न्हाई?" अण्णांनी विचारलं.

"सोसायटीत कोर्ट आहे. रविवारी सकाळी बायका खेळतात. मला म्हणाल्या, तुम्ही या ना ताई, आम्हाला तेवढाच अभिमान. मोठ्या मानानं बोलावलं. गेले."

"मग?"

"थोडे रविवार गेले. मग एका रविवारी गेले तर कोर्टावर कुणी नाही. मला वाटलं सुट्टी असेल. नंतर लिफ्टमध्ये कळलं. त्यांनी वेळ बदलली होती. मला सांगितली नव्हती."

अण्णांच्या मिशीखाली काहीतरी हललं.

"हसू नका."

"हसलो न्हाई. जोरात मारलंस काय त्यांना?"

"छे. तेवढं कळतं मला. एकदाही जोरात मारलं नाही. अगदी हळू खेळत होते."

"हळू..." अण्णा म्हणाले. "पण कुठं?"

"कुठं म्हणजे?"

"त्या हुत्या तिथं मारलंस, का नव्हत्या तिथं?"

...

"नव्हत्या तिथं," त्रिशला म्हणाली.

"हं."

"मुद्दाम नाही, अण्णा. हात जातो."

बिचाऱ्या त्या बायका. रविवारची सकाळ, थर्मासमध्ये चहा, नवी कोरी रॅकेट, आणि कोंबडी पकडायला निघाल्यासारखी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात धावपळ. पहिल्या रविवारी हसल्या असतील. दुसऱ्या रविवारी दमल्या असतील. पुढे एकीनं दुसरीला हळूच म्हटलं असेल, आपण साडेसातला येऊ या का. त्यांचा तरी काय दोष.

"आणि हे कुणी शिकवलं?" त्रिशलाचा आवाज चढला. "समोरचा जिथं न्हाई तिथं फूल टाक. पहिल्याच महिन्यात सांगितलंत मला. खडूनं कोपरे आखून दिलेत. कुणी सांगितलं होतं हे?"

"मीच."

"जाळीपलीकडच्याशी दोस्ती करायची न्हाई. हेही तुम्हीच."

"तेबी मीच."

"मी दोन्ही पाळलं. तुमच्या सगळ्या पोरांमध्ये मी एकटीनं पाळलं. बाकीची कुठं आहेत? कुणी बँकेत आहे, कुणाचं दुकान आहे, संध्याकाळी पोराबाळांत बसतात. आणि मी..."

तिनं वाक्य सोडून दिलं. अण्णांनी ते पुरं केलं नाही. शिकवणारी माणसं सहसा पुरं करतात, पण अण्णांचं तसं नव्हतं.

वखारीच्या पत्र्यावर कबुतरांची पावलं वाजत होती.

"डेन्मार्कची एक होती," त्रिशला थोड्या वेळानं म्हणाली. "इंगा."

"टीव्हीवर बघितली."

"माझं अर्धं आयुष्य त्या बाईसमोर गेलं. दमली की ती डावा पाय ओढते. खोटं मारायचं असलं की आधी ओठ मिटते. तिच्या नवऱ्याला माहीत नसेल ते मला माहीत आहे. आम्ही दोघी एकाच स्पर्धेत थांबलो. शेवटची मॅच समोरासमोर पडली. मी जिंकले. हात मिळवला तर तिनं हात सोडलाच नाही. म्हणाली, चहा घेऊ या?"

"घेतलास?"

"मला वाटलं, हिला काहीतरी काढून घ्यायचंय. म्हटलं, फिजिओकडे जायचंय."

"काय काढून घेणार हुती?"

"तेच तर. मॅच संपली होती. आयुष्यातली शेवटची. आता माझ्याकडून काढून घेण्यासारखं काय राहिलं होतं? हे मला विमानात कळलं."

अण्णा गुडघ्यावर हात टेकून उठले.

"रॅकेट हाय?"

"गाडीत आहे."

"आण."

ती रॅकेट घेऊन परत आली तेव्हा शेजारची एक बाई दारात डबा ठेवून जात होती. "अण्णा, ऊन हाय तोवर घ्या," एवढं म्हणाली आणि गेली. मगदुमांच्या घरात सूर्य मावळल्यावर कुणी तोंडात घास घालत नसे. अण्णांनी एकट्यानंही तो नेम मोडला नव्हता.

"जेवून घ्या आधी," त्रिशला म्हणाली.

"येळ हाय अजून. उभी ऱ्हा तिकडं."

अण्णांनी खुंटीवरची रॅकेट काढली. जुनी, लाकडी दांड्याची. डाव्या हातात धरली. उजव्या हातानं धोतराचा सोगा खोचला आणि जाळीपलीकडे, कोर्टाच्या साधारण मध्यावर जाऊन उभे राहिले. ऐंशीला टेकलेलं माणूस. गुडघे वाकत नव्हते. काठी भिंतीला टेकवून ठेवली होती.

"अण्णा, हे काय भलतंच? पडाल."

"न्हाई पडत. ऐक. गुण मोजायचे न्हाईत. फूल खाली पडू द्यायचं न्हाई, एवढंच. जवर फूल वर हाय तवर तू हितं ऱ्हायचीस. पडलं की बॅगा घेऊन निघायचं."

"आणि नाही पडलं तर?"

"तर ऱ्हा की. कोठी झाडून घे."

त्रिशलाला हसू आलं. खूप दिवसांनी आलं. फूल हवेत ठेवायचं, समोर जागचा न हलणारा म्हातारा. अंगणातलं पोरही हे करील. हिनं तर अडीच-अडीचशे वेळा एकाच चौकोनात शटल टाकायचा सराव केलेला. कोठीत खाट कुठे टाकायची, हेसुद्धा तिनं मनात ठरवून टाकलं.

तिनं अलगद सर्व्हिस केली.

टक्.

अण्णांनी परत दिलं. सरळ तिच्या रॅकेटवर.

टक्... टक्...

त्यांच्या हातात अजून खेळ होता. फारसं काही करत नव्हते, मनगट तेवढं हलत होतं. पण प्रत्येक फूल तिच्यापाशी येत होतं. तिला पाऊल उचलावं लागत नव्हतं. दुखऱ्या गुडघ्याला ते बरं वाटत होतं. त्रिशलाही नेमकं त्यांच्याकडे देत होती. थोडी सावध होती, मग सैल झाली.

टक्... टक्... टक्...

तिला आनंद झाला. हे लिहून ठेवलं पाहिजे, कारण पुढे जे झालं ते त्या आनंदातून झालं. चार वर्षांत तिच्यासमोर कुणी इतका वेळ उभं राहिलं नव्हतं. तिला वखार दिसेनाशी झाली. दिवा, जाळी, वर गेलेलं शटल, एवढंच राहिलं. अंग तापलं. श्वास जुन्या ठेक्यात पडला.

आणि अण्णांच्या हातून एक फूल जरा उंच आलं.

जाळीच्या वर, हातभर अंतरावर, जवळजवळ थांबल्यासारखं. प्रत्येक खेळाडूला ते फूल ओळखू येतं. त्याच्यासाठी विचार करावा लागत नाही.

त्रिशला उडाली. गुडघ्यासकट उडाली. रॅकेट वरून खाली आली, वखारीत फटकन आवाज झाला, आणि फूल अण्णांच्या उजव्या पायामागे, रॅकेटपासून जास्तीत जास्त लांब, रेषेच्या आत पडलं.

तिची मूठ वळली. तोंडातून तो आवाज निघाला, ज्या आवाजासाठी लोक तिला टीव्हीवर ओळखायचे.

...

कबुतरं पत्र्यावरून उडून गेली होती.

त्रिशलानं मूठ सोडली. तिला कुठे बघावं कळेना.

"झ्याक मारलंस," अण्णा म्हणाले. टोमणा नव्हता. फटका खरंच चांगला होता, आणि चांगल्या फटक्याला चांगलं म्हणायची त्यांची सवय होती.

"अण्णा, मी..."

"निघ आता."

"चुकून झालं. लेट द्या."

लेट म्हणजे तो गुण धरायचा नाही, पुन्हा खेळायचा. मध्येच दिवा गेला, बाजूच्या कोर्टावरचं शटल आलं, तर पंच देतात. त्रिशलानं आयुष्यात कधी मागून घेतला नव्हता. पंचांशी बोलणंही तिला कमीपणाचं वाटायचं.

"चुकीला लेट नसतो," अण्णा म्हणाले.

"एकदा द्या. पुन्हा नाही होणार."

"हुईल. आता फूल आलं तर आता हुईल."

खरं होतं ते. तिला माहीत होतं की खरं आहे, म्हणून तिनं रॅकेट पिशवीत घातली. चेन लावायला गेली तर ती अडकली. दोनदा ओढली. मोठ्या मॅच हरून ती पत्रकारांसमोर कोरड्या डोळ्यांनी बसायची. आणि आज, एका म्हाताऱ्याशी जिंकून, तिला चेन दिसेना.

आपण कुठेच राहायच्या लायकीचे नाही, असं तिला वाटलं. अगदी ह्याच शब्दांत वाटलं.

ती दाराकडे वळली.

"फूल उचल," मागून अण्णांचा आवाज आला.

"ते तुमच्या बाजूला आहे."

"म्हणूनच म्हणालोय."

जगात सगळीकडे ज्याच्या बाजूला शटल पडतं तो ते उचलतो आणि समोरच्याला देतो. मगदूम अण्णांच्या वखारीत उलटं होतं. ज्यानं पाडलं त्यानं जाळीखालून पलीकडे जायचं, उचलायचं, समोरच्याच्या हातात द्यायचं आणि परत यायचं. पोरं कुरकुरत. मारून दमायचं आणि वर उचलायलाही आपणच. बाहेरगावचे कोच हसत. अण्णांनी कारण कधी सांगितलं नव्हतं.

"मला कधी उचलायला लावलं नाहीत तुम्ही," त्रिशला म्हणाली.

"न्हाई."

"बाकीची पोरं उचलायची माझं."

"तुझा दम वाचावा म्हणून. मला दिसत हुतं की तू मोठी हुणार. म्हटलं, हिला कशाला वाकायला लावा. ती माझी चूक, पोरी. तुझी न्हाई."

त्रिशला भांडायलाच आली होती. पण समोरचा आपण होऊन हरला की भांडायला गेलेल्या माणसाची पंचाईत होते.

तिनं पिशवी बाकावर ठेवली. जाळी उचलली, वाकली आणि पलीकडे गेली. गुडघ्यात कळ आली.

जाळीची पलीकडची बाजू तिला नवी नव्हती. प्रत्येक मॅचमध्ये बाजू बदलावी लागतेच. पण ती यायची तेव्हा समोरचीही निघून गेलेली असायची. एकेरी खेळणाऱ्या माणसाच्या बाजूला दुसरं माणूस कधी नसतंच. आज होतं.

तिनं फूल उचललं. एक पीस मोडलं होतं. ती उभी राहिली आणि अण्णांकडे बघितलं.

ते तिच्यापेक्षा बुटके होते. हे तिला आठवत नव्हतं. कानाजवळून घाम ओघळत होता. छाती वरखाली होत होती आणि श्वासाला बारीक शिट्टी येत होती. जाळीपलीकडून तिला ती ऐकू आली नव्हती. सदऱ्याचा काठ उसवला होता आणि कुणीतरी, बहुतेक त्यांनीच, जाळीच्याच दोऱ्यानं शिवला होता.

"घ्या," ती म्हणाली आणि फूल पुढे केलं.

लहानपणी तिनं ते हजारदा बघितलं होतं. अण्णांच्या उजव्या हातात रॅकेट असायची आणि डाव्या हातात फुलं. म्हणून सवयीनं तिनं त्यांच्या डाव्या हाताकडे धरलं.

त्या हातात रॅकेट होती.

तिचा हात तसाच राहिला.

"अण्णा, रॅकेट डाव्या हातात?"

"हं."

"उजवा दुखतो का?"

"न्हाई."

"मग डाव्यानं का खेळलात?"

"हाच माझा हात हाय."

...

"म्हणजे?"

"म्हणजे काय? डावरा हाय मी."

"कधीपासून?"

"जन्मलो तवापासनं."

त्रिशला त्यांच्याकडे बघतच राहिली. आत्ता, एवढा वेळ ते तिच्यासमोर उभे होते आणि तिला दिसलं नव्हतं. तिचा फटका मात्र बरोबर रॅकेटच्या उलट्या बाजूला गेला होता. हाताला कळलं होतं. तिला नाही.

"आठ वर्षं," ती म्हणाली. "आठ वर्षं तुम्ही मला तुमच्या उजव्या हातानं खेळवलंत."

"तुमच्यापुढं बहुतेक उजवीच येणार हुती. तुम्हाला त्याची सवय पायजे. डावरा एखादाच येतोय."

"सगळ्या पोरांना?"

"सगळ्यांना."

"जेवता कुठल्या हातानं?"

"उजव्या. आईनं मारून लावलं. खेळताना मारायला आई नव्हती, म्हणून तेवढा डावा ऱ्हायला."

ते हे अगदी सहज बोलले. नंतर त्यांनी रॅकेटच्या दांड्यावरून अंगठा फिरवला, जसं फार दिवसांनी भेटलेल्या गुराच्या पाठीवरून फिरवतात.

त्रिशलाला कोरियाच्या, चीनच्या, डेन्मार्कच्या बायकांचे हात आठवले. रात्र रात्र व्हिडिओ लावून पाठ केलेली मनगटं. कुणाची बोटं कधी सैल पडतात, कोण कुठल्या खांद्यानं खोटं बोलतं. एवढं सगळं जिला पाठ, तिला आपल्या गुरूचा हात कुठला ते ठाऊक नव्हतं. गाव सोडताना ती त्यांच्या पाया पडली होती. तेव्हाही पायांकडेच बघितलं होतं.

तिला वाईट वाटलं, आणि या वेळी ते त्यांच्यासाठी वाटलं. असं वाटणं तिला इतकं अनोळखी होतं की क्षणभर तिला वाटलं, गुडघाच दुखतोय.

फूल अजून तिच्या हातात होतं. अण्णांनी रॅकेट काखेत धरली, डावा हात मोकळा केला आणि तळवा पुढे केला. तिनं फूल त्यावर ठेवलं.

"जाऊ का?" तिनं विचारलं.

अण्णा मोडलेलं पीस बोटानं सरळ करत राहिले.

ती जाळीपाशी गेली. वाकायला लागली आणि थांबली. परत वळली. लहान खिडकीतून तिरपं ऊन कोर्टावर आलं होतं आणि त्यात धूळ तरंगत होती. त्या उजेडात म्हातारा माणूस मोडक्या पिसाचं फूल धरून एकटाच उभा होता, आणि पोरं गेल्यावर तो असा रोजच उभा राहत असणार, हे तिच्या आज लक्षात आलं.

"अण्णा..."

"बोल."

"आम्हाला सगळ्यांना तुम्ही उजव्या हातानं खेळवलंत."

"हं."

"मग या हातानं तुम्ही कुणाशी खेळायचात?"

...

अण्णांनी तिच्याकडे बघितलं. नंतर दुसरीकडे बघितलं. इतकी वर्षं या वखारीत पोरं आली, मोठी झाली, गेली. कुणाच्या तोंडून हा प्रश्न निघाला नव्हता.

दारातला डबा तसाच होता. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढून पत्र्याकडे चाललं होतं. जेवायचं तर आत्ताच जेवायला हवं होतं.

"डबा घ्या आधी," त्रिशला म्हणाली. "ऊन जाईल."

"जाऊ दे."

त्यांनी काठीसाठी हात पुढे केला. काठी लांब होती. मग त्यांनी त्रिशलाच्या खांद्यावर हात ठेवला, डावा, आणि सावकाश कोर्टावरच खाली बसले. पाय पसरले. फूल मांडीवर ठेवलं. शेजारची जागा हातानं झाडली.

"बस हितं, माझ्या शेजारी. सांगतो."